काट्यांच्या सवयी

किल्ली फिरवून 'ऑन'वर आणली, की इंजिन सुरू होण्याआधीच मीटरवर दिव्यांची गर्दी उसळते. लाल, पिवळे, हिरवे दिवे एकदम लागतात आणि दोन-तीन सेकंदांत त्यातले बरेचसे विझतात. पुष्कळ जण तेवढंही थांबत नाहीत, एका झटक्यात किल्ली शेवटपर्यंत फिरवतात. मी तिथे मुद्दाम थांबतो. ही त्या दिव्यांची हजेरी असते आणि ती रोज घ्यावी अशी आहे.

एअरबॅगचा दिवा लागून विझला, म्हणजे दिवा शाबूत आहे आणि यंत्रणेनं स्वतःला तपासून पाहिलं आहे. तो लागलाच नाही, तर सगळं ठीक आहे असं समजू नये. बिघाड दिसू नये म्हणून दिवाच काढून टाकलेला असू शकतो. सेकंडहँड गाडी बघायला गेलात, तर रंग आणि टायर पाहण्याआधी हे पाहा. तेलाच्या किटलीचा आणि बॅटरीचा, हे दोन लाल दिवे मात्र इंजिन सुरू होईपर्यंत विझत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. इंजिन फिरत नाही, तोवर ऑइलला दाब नाही आणि अल्टरनेटरकडून चार्जिंगही नाही.

रंगांचा अर्थ जगभर जवळपास एकच आहे. लाल म्हणजे धोका आहे, गाडी थांबवण्याची तयारी करा. पिवळा म्हणजे काहीतरी बिघडलंय, लवकर दाखवून घ्या. हिरवा आणि निळा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे, एवढंच. चिन्हंही 'आयएसओ २५७५' या आंतरराष्ट्रीय मानकानं ठरवून दिलेली आहेत, त्यामुळे गाडी कुठल्याही कंपनीची असली तरी तेलाची किटली ओळखू येते. पण चिन्ह ओळखता आलं म्हणजे मीटर वाचता आलं, असं होत नाही. प्रत्येक काट्याला सवयी असतात. तो काय दाखवतो, काय लपवतो आणि किती उशिरा सांगतो, हे माहीत असेल तरच त्याच्यावर टाकलेली नजर उपयोगाची.

या सवयी शिकायला घाटासारखा रस्ता नाही. माझी गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, हातानं गिअर टाकायची. चिपळूण सोडून शिरगाव, पोफळीवरून कुंभार्ली घाट चढायचा, माथ्यावर यायचं आणि कोयनानगर, पाटणमार्गे कराडला उतरायचं. सपाट रस्त्यावर तासन्‌तास जागचे न हलणारे काटे या वाटेवर आपापला स्वभाव दाखवतात.

सकाळी गार इंजिन सुरू केलं, की आरपीएमचा काटा बाराशेच्या आसपास उभा राहतो आणि इंजिन तापत जाईल तसा आठशेकडे उतरतो. एसी लावला की थोडा वर सरकतो, कारण कॉम्प्रेसरचं ओझं पेलायला इंजिनाला जास्त हवा आणि पेट्रोल दिलं जातं. हे चढउतार ठरलेले आहेत. गरम इंजिनाचा काटा उभ्या गाडीत थरथरायला लागला, तर मात्र लक्ष द्यायचं. आणखी कुठला दिवा लागण्याच्या बऱ्याच आधी हा काटा बोलतो.

घाट सुरू झाला की माझी नजर तापमानाच्या काट्याकडे जास्त जाते. हा काटा मध्यावर येऊन थांबतो आणि तिथून हलत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तो मध्यावर थांबतो, कारण त्याला तसं थांबवलेलं असतं. कुलंटचं तापमान थर्मोस्टॅट आणि पंख्याप्रमाणे सतत थोडं वरखाली होतं. काटा तसाच नाचू लागला तर चालवणारा घाबरेल, म्हणून बऱ्याच गाड्यांत एका रुंद पट्ट्यातल्या सगळ्या तापमानांना काटा मध्यावरच धरून ठेवतात. याचा अर्थ असा, की तो मध्याच्या वर सरकलेला दिसला, तेव्हा सहनशक्तीचा बराच भाग आधीच खर्च झालेला असतो. तो सरकू लागला, की तांबड्या रेघेपर्यंत वाट बघत बसायचं नाही. एसी बंद करायचा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा वाढवायचा म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये खेचली जाते, आणि सुरक्षित जागा मिळताच गाडी बाजूला घ्यायची. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वर असलेलं पाणी झाकण निघताक्षणी उसळतं.

याहून फसवी गोष्ट म्हणजे चढणीवर अचानक खाली पडणारा काटा. पाइप फुटून कुलंट वाहून गेलं, तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो. तो कुलंटचं तापमान मोजायला बसवलेला असतो. कुलंटच नसेल, तर तो खरं सांगू शकत नाही. इंजिन भाजत असतं आणि काटा थंड दाखवत असतो. भर चढणीत काटा विनाकारण खाली आला, तर तो दिलासा मानू नका, लगेच थांबा. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही. इंजिन गार असताना निळा दिवा, तापलं की लाल, मधलं काही नाही. तिथे लाल दिवा हाच पहिला आणि शेवटचा निरोप.

पेट्रोलच्या काट्याची तऱ्हा वेगळी. टाकीत एक तरंगता गोळा असतो आणि त्याच्या दांडीच्या हालचालीवर काटा फिरतो. टाकी काठोकाठ भरली की गोळा वर टेकून राहतो, म्हणून सुरुवातीचे बरेच किलोमीटर काटा 'फुल'वरून हलत नाही. टाकीचा आकार वेडावाकडा, त्यामुळे अर्ध्याच्या खाली काटा भरभर उतरल्यासारखा वाटतो. उतारावर गाडी लावून पुन्हा सुरू केली, तर तो चुकीचा आकडा दाखवू शकतो. पंपाच्या चित्राशेजारचा छोटा बाण पेट्रोलचं झाकण कोणत्या बाजूला आहे ते सांगतो. फोर्डमधल्या जिम मॉयलन यांनी १९८६ साली ही कल्पना कंपनीला लिहून दिली आणि १९८९च्या मॉडेलपासून ती गाड्यांत आली. खर्च काही नाही, पण अनोळखी पंपावर मान वळवून बघावं लागत नाही. चांगल्या मीटरची ही खूण आहे: प्रश्न पडतो त्याच जागी उत्तर ठेवलेलं.

'इतके किलोमीटर जाता येईल' हा आकडा मात्र मोजमाप नव्हे, अंदाज आहे. उरलेलं पेट्रोल आणि गेल्या काही किलोमीटरमधलं ॲव्हरेज यांच्या गुणाकारातून तो येतो. कुंभार्लीच्या चढणीत तो रस्त्यापेक्षा कितीतरी वेगानं घटतो आणि पाटणच्या बाजूला सपाटी आली की पुन्हा सावरतो. खरं ॲव्हरेज हवं असेल, तर जुनाच मार्ग चांगला: टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करून भागाकार करायचा.

अशाच एका चढणीत पिवळा इंजिनाचा दिवा लागला, आणि लागला तो उघडझाप करत. याचा अर्थ जोर कमी करणं भाग आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, ते तसंच सायलेन्सरकडे जातं, तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो महागडा भाग वितळू शकतो. ॲक्सिलरेटर सोडला, गिअर उतरवला, तेव्हा उघडझाप थांबून दिवा नुसता लागून राहिला. त्याच बेतानं कराड गाठलं.

कराडच्या वायरमननं स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. भारतात १ एप्रिल २०२० पासून 'बीएस-६' ही प्रदूषणाची मानकं लागू झाली. प्रदूषण वाढवणारा बिघाड झाला की गाडीनं स्वतः ओळखावा, दिवा लावावा आणि त्याचा कोड साठवून ठेवावा, ही यंत्रणा आता नव्या गाड्यांत असतेच. स्क्रीनवर आलं: पी०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. मला वाटलं, निदान झालं. तो हसला नाही, घाईही केली नाही. म्हणाला, "दादा, कोड पुसून दिवा घालवायला दोन मिनिटं लागत्यात. पण कुठं दुखतंय एवढंच ह्यानं सांगितलंय, का दुखतंय ते नाही." मिसफायर प्लगमुळे होतो, कॉइलमुळे होतो, इंजेक्टरमुळे होतो, कॉम्प्रेशन गेल्यामुळेही होतो. त्यानं पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसला आणि गाडी जोर देऊन फिरवून आणली. या वेळी स्क्रीनवर पी०३०२ आला. बिघाड कॉइलसोबत दुसऱ्या सिलिंडरवर सरकला होता. "आता बोला," तो म्हणाला. एकच कॉइल बदलली आणि काम झालं. नुसत्या कोडवर विसंबून प्लग, इंजेक्टर, कॉइल असं सगळं बदलत सुटणारी गॅरेजंही असतात. दिवा आणि दुरुस्ती यांच्यामध्ये असा विचार करणारा माणूस लागतोच.

कराडहून पुणे–बेंगळुरू महामार्गाला लागलं की स्पीडोमीटरची सवय कळते. मीटरवर ८० असताना मोबाईलवरचा जीपीएस बहुधा त्याहून थोडा कमी आकडा दाखवतो. आंतरराष्ट्रीय नियम असा, की मीटरनं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर चालतो, पण खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किलोमीटर एवढाच. म्हणजे खरा वेग ८० असेल तर ९२ पर्यंत मुभा. म्हणून कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात. झिजलेल्या टायरचा घेर कमी होतो, तर तो आणखी पुढे जातो. वेगाचं हे मोजमाप जुनं आहे. जर्मन अभियंता ओटो शुल्झे याला १९०२ साली त्याचं पेटंट मिळालं. चाकाच्या गतीनं केबलमार्फत लोहचुंबक फिरायचं, शेजारची ॲल्युमिनियमची वाटी त्याच्याबरोबर ओढली जायची आणि स्प्रिंग तिला मागे खेचायची. त्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल, तो वेग. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत केबल कोरडी पडली की काटा थरथरायचा, तो यामुळे. आता चाकांवरच्या सेन्सरचे ठोके तारांवरून येतात. १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत ८० ओलांडल्यावर अधूनमधून आणि १२० ओलांडल्यावर सतत वाजणारी सूचनाही सक्तीची आहे. ८० वेगानं गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. म्हणून मीटरकडे बघणं म्हणजे एका नजरेत वाचून मान वर करणं. जे वाचायला याहून जास्त वेळ लागतो, ते थांबल्यावर वाचायचं.

परतीच्या वाटेवर कुंभार्ली उतरताना मीटर एका जुन्या समजाचा निकाल लावतं. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची, असं अजूनही अनेकांना वाटतं. गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा आणि त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारी पट्टी बघा. ती शेवटच्या टोकाला जाते. इंजेक्शनच्या इंजिनात अशा वेळी पेट्रोल पूर्ण बंद केलं जातं. चाकंच इंजिन फिरवत असतात आणि इंजिन चाकांना आवरत असतं. आरपीएम साधारण बारा-पंधराशेच्या खाली आले, की पेट्रोल पुन्हा सुरू होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जळतच राहतं, शिवाय गाडीचं सगळं वजन ब्रेकवर येतं. म्हणजे न्यूट्रलनं पेट्रोलही जातं आणि ब्रेकही.

आणि ब्रेक किती तापले, हे सांगणारा काटा साध्या गाडीत नसतो. लाल ब्रेकचा दिवा हँडब्रेक ओढलेला असेल किंवा ब्रेक ऑइल कमी झालं असेल तर लागतो. डिस्क तापून ऑइल उकळायला लागलं, तर तो गप्प राहतो. ते कळतं जळका वास येतो तेव्हा आणि पेडल मऊ होऊन खोल जातं तेव्हा. एक बारकावा मात्र हा दिवा दाखवतो. वळणावर क्षणभर लागून लगेच विझला, तर बाटलीतलं ऑइल किमान रेघेशी आलेलं असतं आणि हेलकाव्यानं खाली जातं. ब्रेक पॅड झिजले की ऑइल खाली उतरतं. म्हणून नुसतं ऑइल भरून मोकळं होऊ नये, पॅड उघडून बघावेत.

नव्या गाड्यांत काट्यांच्या जागी पडदे आले आहेत. त्यांवर हवं ते हव्या त्या जागी दाखवता येतं. पण एसी, वायपर, धुक्याचे दिवे हेही मेनूच्या आत गेले, तर नजर रस्त्यावरून जास्त वेळ हटते. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपमधल्या 'युरो एनकॅप' या संस्थेनं २०२६ पासून सर्वोच्च गुणांसाठी इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे अशा गोष्टींना वेगळी बटणं वा दांड्या असाव्यात, असं ठरवलं आहे ते यासाठीच. हा आग्रह आपल्या खरेदीदारांनीही शोरूममध्ये धरायला हवा. पडद्याची रुंदी विचारण्याआधी विचारा, की अंधारात न बघता काच साफ करता येते का.

रस्त्यावरची चिन्हं आपण लायसन्ससाठी पाठ करतो. डोळ्यांसमोरची चिन्हं मात्र दिवा लागल्यावर शोधायला निघतो. गाडी उभी असताना माहितीपुस्तिका उघडा आणि किल्ली 'ऑन' करून एकेक दिवा ताडून बघा. बाकी काही लक्षात राहिलं नाही, तरी तीन लाल दिवे लक्षात ठेवा. तेलाची किटली लागली तर गाडी बाजूला घेऊन ताबडतोब इंजिन बंद करायचं. ती ऑइलच्या दाबाबद्दल बोलते, आणि दाबाशिवाय इंजिन थोड्याच वेळात जाम होतं. तापमानाचा लाल लागला तर थांबायचं. हँडब्रेक सोडलेला असताना ब्रेकचा लाल लागला तर पुढे जायचं नाही. घरात जे जे गाडी चालवतात, त्या सगळ्यांना हे गाडीत बसवून दाखवा. अर्धा तास पुरतो, आणि त्या अर्ध्या तासावर इंजिन वाचतं, घाटात माणसंही वाचतात.