गिझर कुरकुरतो, शॉवर रुसतो: गैरसमज आणि वस्तुस्थिती

थंडी पडली की प्लंबरचा फोन लागेनासा होतो. तक्रारी ठरलेल्या असतात: गिझरमधून आवाज येतोय आणि शॉवरला प्रेशर नाही. सोसायटीच्या जिन्यात दोन्हींवर फुकट सल्लेही तयार असतात. कुणी म्हणतं पंप बसवा, कुणी म्हणतं गिझर बदला. पैसे मोजण्याआधी त्या सल्ल्यांमधलं खरं-खोटं निवडून घेतलेलं बरं.

गैरसमज १: गिझर आवाज करतोय, म्हणजे आता फुटणार.

वस्तुस्थिती: चहाचं आधण उकळण्याआधी पातेल्यातून ‘सूं’ असा आवाज येतो. तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि वरच्या गार पाण्यात फुटून विरतात, त्याचाच तो आवाज. गिझरमध्येही तेच घडतं, फक्त तिथे क्षारांची भर पडते. बोअरचं पाणी बहुतेकदा जड असतं. ते तापलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या थराच्या रूपात कॉइलवर बसतं. थराखाली अडकलेलं पाणी जागच्या जागी उकळतं आणि गिझर खडखडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ज्या घरी बादलीवर पांढरे डाग पडतात, तिथल्या गिझरच्या पोटात काय साचलं असेल, हे वेगळं सांगायला नको. वर्षातून एकदा टाकी व कॉइल साफ करून घेतली आणि अ‍ॅनोड रॉड झिजल्यावर बदलला, की आवाज बहुतेकदा थांबतो.

याला एक अपवाद आहे. गरम पाण्याच्या नळातून फुरफुरत वाफ येत असेल, तर थर्मोस्टॅट अडकल्याची शक्यता असते. तेव्हा गिझर लगेच बंद करायचा आणि दुरुस्त होईपर्यंत लावायचा नाही.

गैरसमज २: गच्चीवर मोठी टाकी बसवली की प्रेशर वाढतं.

वस्तुस्थिती: पाण्याचा दाब टाकीच्या घेरावर ठरत नाही, उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. हजार लिटरची टाकी असो की पाच हजारांची, पाण्याची पातळी एकाच उंचीवर असेल तर दाब तोच. वरच्या मजल्यावरच्या शॉवरपासून टाकीतलं पाणी जेमतेम तीन मीटर वर असतं, म्हणजे दाब ०.३ बार. तिथे हॉटेलात पाहिलेला पसरट शॉवर लावला, तर पाणी ठिबकणारच. तेच पाणी सात मजले खाली दोन बारच्या वर दाबाने येतं. टाकी मोठी करण्यापेक्षा ती उंच चौथऱ्यावर नेली तर थोडा फरक पडतो. जास्त हवा असेल तर टाकीनंतर प्रेशर पंप लागतो. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणं मात्र बेकायदा आहेच, शिवाय त्या खेचण्याने गळक्या जोडांतून घाण पाणी आत येतं आणि शेजाऱ्यांचे नळ कोरडे पडतात.

गैरसमज ३: ‘८ बार’चा गिझर घेतला की शॉवर जोरात येतो.

वस्तुस्थिती: तो आकडा सहन करण्याचा आहे, देण्याचा नाही. उंच इमारतीत पाण्याच्या दाबाने टाकी तडकू नये म्हणून तो पाहायचा. साठवणीचा गिझर स्वतः कसलाही दाब निर्माण करत नाही.

गैरसमज ४: इन्स्टंट गिझरची धार बारीक, म्हणजे प्रेशर कमी.

वस्तुस्थिती: इथे हिशोब विजेचा आहे. तीन किलोवॅटचा गिझर २० अंशांचं पाणी ४० अंशांपर्यंत मिनिटाला दोन लिटरच्या आसपासच तापवू शकतो. पंधरा लिटरच्या बादलीला सात मिनिटं लागणारच. ब्रिटनमधले इलेक्ट्रिक शॉवर साडेआठ-दहा किलोवॅटचे असतात आणि त्यांना वेगळी जाड वायर लागते. आपल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर पावणेचार किलोवॅटच्या पुढे जाता येत नाही. पाणी कडकडीत हवं म्हणून आपण कॉक आणखी आवळतो, तेव्हा आतलं पाणी उकळीला येतं आणि गिझर शिट्टी घालायला लागतो. कॉक थोडा सैल केला की तो गप्प होतो.

गैरसमज ५: सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतोय, बूच मारून टाका.

वस्तुस्थिती: असं कधीही करू नका. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर गेलं की सुमारे चारशे मिलिलिटर वाढतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. गिझर चालू असताना ठिबकणं म्हणजे व्हॉल्व्ह काम करतोय. गार असतानाही तो सतत गळत असेल, तर दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह खराब झालाय. तेव्हा तो बदलावा.

गैरसमज ६: भिंतीत धाडकन आवाज येतो, तोही गिझरचाच.

वस्तुस्थिती: नळ झटक्यात बंद केल्यावर आवाज येत असेल, तर गिझर निर्दोष आहे. वेगाने वाहणारं पाणी अचानक अडलं की पाइपात दाबाचा धक्का बसतो. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी क्षणात थांबलं, तर दाब दहा बारहून जास्त उसळू शकतो. अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांमुळे हे जास्त होतं. नळ सावकाश फिरवा आणि सैल पाइपांना क्लॅम्प मारून घ्या.

प्लंबरला बोलावण्याआधी घरातले सगळे नळ एकेक करून उघडून पाहा. एकाच नळाला पाणी कमी असेल, तर त्याची जाळी किंवा शॉवरची भोकं तुंबली आहेत. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून घासा. गार पाणी जोरात आणि गरम मात्र बारीक येत असेल, तर गिझरच्या तोंडाशी क्षार किंवा अडकलेला व्हॉल्व्ह आहे. सगळीकडेच कमी असेल, तर टाकीची उंची, अर्धवट उघडा कॉक किंवा गंजलेला जुना पाइप पाहा.

आणि शेवटचं. खडखडाट करणारा गिझर दोन दिवस थांबेल. पण शॉवरखाली नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर त्यात आवाज नसला तरी तोच खरा धोका आहे. कोरड्या हाताने एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियनने अर्थिंग तपासेपर्यंत चुलीवर पाणी तापवा.