निसटलेला ‘स्यात्’

आमच्या बस्तीत चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या एका आर्यिका माताजींची स्याद्वादावरील प्रवचने पाठशाळेतील तरुणांनी मोबाइलवर चित्रित केली होती. मंडपातील पंख्यांची घरघर टाळावी म्हणून ध्वनी मात्र मिक्सरला जोडलेल्या स्वतंत्र रेकॉर्डरवर घेतला. योजना उत्तमच होती. पुढे माताजींचे समाधिमरण झाले आणि त्या चित्रणाला निराळेच मोल आले.

संकलनाला बसलेल्या मुलाच्या ध्यानात आले की, आरंभी ओठ आणि शब्द नेमके जुळतात. परंतु पुढे पुढे माताजींचे ओठ मिटल्यानंतर शब्द ऐकू येतात. तासाअखेरीस हे अंतर साडेतीन सेकंदांवर गेले. त्याने जो उपाय केला तो बहुतेक जण करतात. दर पाच मिनिटांनी ध्वनीचा एक बारीक तुकडा कापायचा आणि उरलेला ध्वनी मागे ओढून घ्यायचा. अशी बारा ठिकाणी कात्री लागली. “काका, पाहा आता, कळतसुद्धा नाही,” असे म्हणून त्याने मला ते दाखवले.

पाहताना खरोखरच कळत नव्हते. ऐकताना कळले. एके ठिकाणी ‘स्यात् अस्ति’ असे असावयास हवे, तेथे नुसते ‘अस्ति’ उरले होते. सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा गेला आणि सप्तभंगीतील पहिला भंग एखाद्या एकांतवाद्याच्या तोंडी शोभावा असा झाला!

मुलाचा दोष नव्हता. त्याने लक्षणावर उपचार केला. कारण तसेच राहिले. कारण मोबाइलमध्ये होते. सेकंदाला 30 चौकटी टिपण्याचे मोबाइल आपल्याला सांगतो खरा, पण उजेड कमी झाला किंवा यंत्र तापले की तो चौकटींमधील अंतर आपल्या सोयीने कमीजास्त करतो. यास व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. संकलनाची अनेक सॉफ्टवेअर मात्र चौकटी समान अंतरानेच येतात असे धरून चालतात. सेकंदाला 30 ऐवजी सरासरी 29.97 चौकटी आल्या, तरी हजारात एक असा फरक पडतो. आणि 3,600 सेकंदांच्या तासात त्याचे 3.6 सेकंद होतात.

म्हणून कात्री हाती घेण्यापूर्वी निदान करावे. प्रवचनाच्या आरंभी आणि अखेरीस कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवून घ्यावी. दोन्ही टाळ्यांपाशी फरक सारखाच असेल, तर संपूर्ण ध्वनी एकदाच सरकवला की काम झाले. फरक वाढत गेला असेल, तर मीडियाइन्फो या विनामूल्य साधनात फाइल उघडून फ्रेम रेट मोड पाहावा. तेथे ‘व्हेरिएबल’ असे दिसल्यास हँडब्रेक या साधनातून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइलची नवी प्रत काढावी आणि तीच संकलनास घ्यावी. दोन यंत्रांच्या घड्याळांतील भेदामुळे तरीही तासाभरात अल्पसा फरक राहू शकतो. तो सांधायचा तर शब्दात नव्हे, श्वासाच्या विरामात सांधावा.

अन्य तक्रारींनाही बहुधा अशीच साधी मुळे असतात. पडदा लाल होऊन ‘मीडिया ऑफलाइन’ असे उमटले की चित्रण नष्ट झाले असे समजून मंडळी हवालदिल होतात. वास्तविक फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलेली असते, तिचे नाव बदललेले असते किंवा पेनड्राइव्ह काढलेला असतो. तिचा नवा पत्ता दाखवला की चित्र परत येते. चित्र अडखळत चालत असेल, तर ते बहुधा एचईव्हीसी या घट्ट बांधणीच्या स्वरूपात असते. संकलनापुरत्या हलक्या प्रॉक्सी फाइली तयार करून घ्याव्यात. एक्स्पोर्ट दर वेळी त्याच टक्क्यावर थांबत असेल, तर टाइमलाइनवर त्या जागेच्या आसपासचा तुकडा काढून पाहावा. आणि पेनड्राइव्हमध्ये पुरेशी जागा असूनही मोठी फाइल उतरत नसेल, तर तो एफएटी 32 पद्धतीचा आहे का ते तपासावे. त्यात 4 जीबीहून मोठी एकसंध फाइल मावतच नाही. माताजींचे चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवणारे आणि मग ‘अस्पष्ट का दिसते’ असे विचारणारेही भेटले! ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

देवनागरी अक्षरांचा प्रश्न मात्र आपल्या कामात वारंवार येतो. ‘सिद्ध’ लिहावे तर वेलांटी भलत्याच अक्षराला लागते आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेला ‘द्’ वेगळा पडतो. ‘सम्यक्त्व’ आणि ‘चारित्र्य’ यांची अवस्था तर पाहवत नाही. प्रीमियर प्रो वापरणाऱ्यांनी प्रेफरन्सेसमधील ग्राफिक्स विभागात ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय निवडावा, म्हणजे अक्षरे पूर्ववत जुळतात. छापखान्यातून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर आला असेल, तर तो प्रथम युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. अन्यथा पडद्यावर रोमन चिन्हांची खिचडी उमटते. एवढे करूनही आचार्यांची आणि तीर्थांची नावे एका जाणत्या श्रावकाकडून वाचून घ्यावीत. ते काम सॉफ्टवेअरचे नव्हे.

आम्ही त्या प्रवचनाचे संकलन पुन्हा आरंभापासून केले. नवी प्रत निघण्यास रात्र गेली. जुळवणी सकाळी अर्ध्या तासात झाली. संकलनातील काप मूळ फाइलला धक्का लावत नाहीत आणि रेकॉर्डरमधील कार्ड तेव्हा कोणी पुसले नव्हते, म्हणून माताजींच्या आवाजातील तो ‘स्यात्’ जागच्या जागी सापडला. त्याआधीची दोन प्रवचने याच रीतीने बारीक तुकडे कापून ‘जुळवली’ होती. त्यांची कार्डे पुढच्या कार्यक्रमासाठी पुसली गेली आहेत. तयार झालेल्या फाइली तेवढ्या उरल्या. त्या मी कान देऊन दोनदा ऐकल्या. कोठे कोठे काही निसटले असावे असे वाटते, पण काय, ते आता कोणाला विचारावे?