नामजपाचा अधिकार : हिंदू उपासनेत नव्याने येणाऱ्या साधकाच्या संदर्भात एक विचार

जन्माने हिंदू नसलेली, परंतु हिंदू उपासनेकडे ओढली गेलेली व्यक्ती बहुधा पहिला प्रश्न हाच विचारते की, मी कोणता मंत्र म्हणावा आणि तो म्हणण्याचा मला अधिकार आहे काय ? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर मात्र तो कोणास विचारला यावर अवलंबून राहते. वैदिक परंपरेतील पुरोहित, आगममार्गातील दीक्षागुरू आणि आळंदीच्या वाटेवरील वारकरी हे तिघे तीन निरनिराळी उत्तरे देतील आणि तिन्ही उत्तरे आपापल्या परंपरेत सुसंगतच असतील. या भिन्नतेची कारणे स्पष्ट करणे आणि नामाने जे दार नवागतासाठी उघडले ते समाजाने कितपत उघडले हे काही प्रत्यक्ष उदाहरणांवरून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मंत्र आणि नाम

सामान्य व्यवहारात गायत्री, 'ॐ नमः शिवाय' आणि 'रामकृष्णहरी' या सर्वांना आपण सरसकट 'मंत्र' म्हणतो. नवागताच्या गोंधळाचे मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे. वैदिक मंत्राचे सामर्थ्य त्याच्या ध्वनीत मानले गेले. उदात्त, अनुदात्त आणि स्वरित या स्वरांसह तो जसा ऐकला तसाच उच्चारला पाहिजे, ही त्यातील मूलभूत अट होय. त्वष्ट्याची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञ केला. परंतु 'इंद्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकल्याने समास बदलला, आणि 'इंद्राचा घातक' या अर्थाऐवजी 'इंद्र ज्याचा घातक आहे तो' असा अर्थ होऊन वृत्राचाच नाश झाला. अशा मंत्राला अधिकारी पुरुष, उपनयन आणि गुरुमुखातून अध्ययन आवश्यक ठरले, आणि धर्मशास्त्राने हा अधिकार त्रैवर्णिक पुरुषांपुरता मर्यादित केला.

तांत्रिक वा आगमिक मंत्राची व्यवस्था निराळी. तेथे वर्णाची अट पुष्कळ ठिकाणी सैल झाली. तिच्या जागी दीक्षा आली. मंत्राचा ऋषी, छंद, देवता, बीज आणि न्यास ही सर्व अंगे गुरूकडून मिळावयाची, आणि मंत्र गुप्त राखावयाचा. पुस्तकात वाचून घेतलेला मंत्र तेथे निष्फळ मानला जातो.

नामाची गोष्ट या दोहोंपेक्षा वेगळी आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळ मरणसमयी आपल्या मुलाला 'नारायण' अशी हाक मारतो आणि तेवढ्याने तरतो. येथे ना स्वर, ना दीक्षा, ना देवाला हाक मारण्याचा संकल्पही. कलिसंतरणोपनिषद या छोट्या ग्रंथात ब्रह्मदेव नारदाला राम, कृष्ण आणि हरी यांची सोळा नामे सांगतो. नारद त्यांचा विधी विचारतो, तेव्हा यास विधी नाही, शुचि-अशुचि कोणत्याही स्थितीत म्हणावे, असे उत्तर मिळते. धर्मशास्त्राने उभारलेल्या अधिकारविचाराला हा मोठाच छेद होता. मराठी संतांनी हाच धागा धरला. तुकोबांना बाबाजी चैतन्यांकडून स्वप्नात मिळालेला 'रामकृष्णहरी' हा मंत्र वारकरी संप्रदायात कोणापासून लपवून ठेवला जात नाही. तो टाळमृदंगाच्या गजरात रस्त्याने म्हटला जातो. तुळशीची माळ घालणे हाच त्या संप्रदायात प्रवेश, आणि ती माळ कोणत्या घरात जन्मलेल्याने घालावी याविषयी बंधन नाही.

तेव्हा नवागताला द्यावयाचे पहिले उत्तर असे : वैदिक वा तांत्रिक मंत्र हवा असेल तर त्या परंपरेची शिस्त आणि गुरू स्वीकारावा लागेल, नामासाठी मात्र कोणाची अनुमती मागण्याचे कारण नाही.

उच्चाराची भीती

परभाषिक साधकाला आणखी एक धास्ती असते, ती उच्चाराची. 'ण' आणि 'न' यांतील भेद, महाप्राण व्यंजने, ऱ्हस्वदीर्घ हे सारे त्याला अवघड जाते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'कृष्ण' या नामातील 'ऋ' आपण मराठी माणसे 'रु' असा उच्चारतो, हिंदी भाषक 'रि' असा. आणि दोघेही आपलाच उच्चार शुद्ध समजतात. खुद्द भारतात ही स्थिती असताना परदेशी साधकाच्या जिभेला हसण्याचे प्रयोजन नाही. 'मरा मरा' म्हणता म्हणता वाल्ह्याचा वाल्मीकी झाला, ही लोकप्रिय कथा त्वष्ट्याच्या कथेला जणू उत्तरच आहे. अर्थात, याचा अर्थ उच्चाराकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. रोजच्या म्हणण्याने आणि जाणत्यांसोबत म्हणण्याने तो आपोआप सुधारत जातो.

जपाची रीत आणि संख्या

जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार मानले आहेत. वाचिक जप दुसऱ्यास ऐकू येतो, उपांशु जपात केवळ ओठ हलतात, मानस जप मनातच चालतो. मनुस्मृतीने यांची उत्तरोत्तर श्रेष्ठता सांगितली आहे : विधियज्ञाहून जप दसपटीने, उपांशु शतपटीने आणि मानस सहस्रपटीने श्रेष्ठ. व्यवहारात मात्र नवशिक्याने मानस जपापासून आरंभ केल्यास मन भरकटते आणि आपण जप करीत होतो हेच विसरते. वाचिक जपात निदान कान तरी सावध राहतो. माळ १०८ मण्यांची. शिवाय एक मेरुमणी. तो ओलांडावयाचा नाही. तेथवर आले की माळ फिरवून उलट दिशेने जप चालू करावयाचा. तर्जनी माळेला लावू नये, माळ गोमुखीत ठेवावी, असे संकेत आहेत. माळ नसल्यास बोटांच्या पेरांवर मोजतात. तिला करमाळा म्हणतात.

संख्येचा आग्रह पाहून आधुनिक वाचक बिचकतो. देवाला मोजून काय द्यावयाचे, ही शंका रास्त आहे. परंतु संख्या ही मुख्यतः साधकाच्या वेळेची शिस्त असते, हे थोडे गणित केल्यावर कळते. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे; म्हणजे अक्षरामागे एक कोटी. हा हिशेब दररोज सुमारे तीस हजार जपाचा होतो. दिवसाचा बहुतेक भाग त्यालाच लागणार. हाच त्रयोदशाक्षरी मंत्र गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) प्रपंचातील माणसांच्या हाती दिला. तेव्हा आग्रह कोटींवरून सातत्यावर आला. प्रापंचिकाला, आणि म्हणून नवागतालाही, हीच दृष्टी अधिक उपयोगाची आहे.

न्यूयॉर्क, १९६६

नामाचा हा मोकळेपणा परदेशात कसोटीला लागला तो गौडीय वैष्णव परंपरेतून. ए. सी. भक्तिवेदांत स्वामी १९६५ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, मालवाहू जहाजाने अमेरिकेस गेले आणि जुलै १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी कृष्णभावनामृत संघाची नोंदणी केली. त्यांचे पहिले शिष्य जन्माने ख्रिस्ती वा ज्यू कुटुंबांतील तरुण होते. त्यांच्या गुरूंच्या शिस्तीत दिवसाला चौसष्ट माळांचे मान होते. ते ऐकून हे तरुण हबकले. स्वामींनी बत्तीस सांगितल्या, त्याही जड वाटल्या, तेव्हा ते सोळांवर थांबले आणि तेथून मात्र ढळले नाहीत. सोळा माळा म्हणजे १,७२८ मंत्र, आणि मंत्रात सोळा नामे असल्याने २७,६४८ नामे. एका माळेस सात मिनिटे धरली तर दोन तासांस थोडा कमी वेळ. दीक्षेसाठी मांसाहार, नशा, जुगार आणि अवैध शरीरसंबंध यांचा त्यागही आवश्यक ठरला. येथे सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा : बागेत चाललेल्या कीर्तनात कोणीही सामील होऊ शकत असे, अटी होत्या त्या दीक्षितासाठी. नाम खुले, दीक्षा सशर्त अशी ही दुहेरी रचना होय.

याच परंपरेच्या आरंभी हरिदास ठाकूर आहेत. मुस्लिम कुटुंबात वाढलेले हरिदास चैतन्य महाप्रभूंच्या (१४८६–१५३४) मंडळीत नामाचे आचार्य मानले गेले. ते रोज तीन लक्ष नामे घेत, असे चैतन्यचरितामृत सांगते. वर धरलेल्या गतीने त्याला सुमारे वीस तास लागतील. पण या आचार्यांनी पुरीत असताना जगन्नाथाच्या मंदिरात पाऊल टाकले नाही. ते बाहेर राहूनच नाम घेत राहिले. त्या मंदिरात परदेशी कृष्णभक्तांना आजही प्रवेश मिळत नाही. आपणही फार दूर जावयास नको. चोखोबांचे अभंग पंढरीत शतकानुशतके गायिले गेले. त्यांच्या जातीच्या माणसांना विठ्ठलमंदिर मोकळे होण्यास साने गुरुजींचे १९४७ चे उपोषण व्हावे लागले. नामाचा अधिकार आणि देवळाचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या, हे नवागताला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

नाम घेणारा हिंदू होतो काय ?

असे व्हावेच लागते, असे नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' लिहिला, संतमंडळीत स्थान मिळविले, आणि नाव शेख महंमद हेच राहिले. ज्याला धर्म म्हणूनही हिंदुत्व स्वीकारावयाचे आहे त्याच्याविषयी कायद्याची भूमिका उदार आहे. पेरुमल नाडर विरुद्ध पोन्नुस्वामी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये असे ठरविले की, धर्मांतरासाठी शुद्धीचा औपचारिक विधी आवश्यक नाही. प्रामाणिक हेतू आणि तो निःसंदिग्धपणे दर्शविणारे वर्तन पुरेसे आहे. ज्याचे वर्तन रोजच्या उपासनेतून दिसते त्याच्यासाठी हा निर्णय महत्त्वाचा होय.

कायदा आणि समाज यांच्यातील अंतर मात्र गोव्यातील एका घटनेत स्पष्ट दिसते. मसूर (जि. सातारा) येथील आश्रमाचे विनायक महाराज मसूरकर आणि त्यांचे शिष्य १९२० च्या दशकात ख्रिस्ती गावड्यांच्या वस्त्यांतून भजने गात आणि पूजा करीत फिरले. या समाजाचे पूर्वज पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले होते. भजनाने जवळीक झाली आणि फेब्रुवारी १९२८ मध्ये, पोर्तुगीज शासन आणि चर्च यांचा विरोध असताना, तिसवाडी, फोंडा आदी भागांतील सात हजारांहून अधिक गावडे शुद्धीविधीने हिंदू झाले. 'शुद्धी' हा शब्द मला येथे खटकतो. ज्या नामाने त्यांना जवळ आणले त्या नामाला समोरच्याचे आधीचे अशुद्धत्व गृहीत धरावे लागत नाही. नवी हिंदू नावे सरकारदरबारी मान्य करून घेताना त्यांना अडथळे आले. त्याहून कठीण होते ते घरचे. आधीपासून हिंदू असलेल्या गावड्यांनी त्यांच्याशी बेटीव्यवहार करण्याचे नाकारले, आणि ख्रिस्ती गावड्यांशी असलेले नाते तर तुटलेच होते. भजनात शेजारी बसणाऱ्यांनी लग्नाच्या मांडवात त्यांना वेगळे ठेवले. सोयरिकी आपसातच करीत राहिलेला हा समूह पुढे 'नवहिंदू गावडे' या स्वतंत्र नावाने ओळखला जाऊ लागला, आणि त्या नावातील 'नव' हे पद पुढच्या पिढ्यांनाही चिकटून राहिले.