ऐरणीचं शिंग आणि हाताची मूठ

जुनी ऐरण तिच्या शिंगाला, म्हणजे पुढे आलेल्या निमुळत्या टोकाला, धरून एका हाताने उचलायची, हा परदेशातल्या ताकदबाजांचा आवडता खेळ. पन्नास किलोची ऐरण चिमूरचा धानाची पोती वाहणारा हमाल सहज खांद्यावर घेईल. शिंगाला धरून मात्र तोही अडेल. इथे पाठ नाही, मूठ हरते.

ऐरण लोंबकळली की शिंगाचं टोक वर येतं आणि हात निमुळत्या बाजूला सरकतो. जितकं घट्ट दाबावं, तितका उतारच हाताला टोकाकडे ढकलतो. वाचवतं ते घर्षण. समजा, शिंगाचा दोन्हीकडचा उतार 15 अंश आणि घर्षणांक 0.5. मग तेवढ्याच दाबाने सरळ दांड्याच्या निम्मंही वजन पेलत नाही. उतार 27 अंशांवर गेला, तर भीमही हरला!

शिवाय बोटं मिटणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात, बोटांपर्यंत पोचतात त्या फक्त कंडरा. घण चालवणाऱ्या लोहाराचा तोच भाग कसा भरलेला असतो, बघा.

आपल्याकडच्या बऱ्याच ऐरणी म्हणजे नुसते चौकोनी ठोकळे, बिनशिंगाचे. शिंगाची सापडलीच, तर आधी लोहाराला विचारा, घाम पुसा आणि पाय बाजूला ठेवा.