दहा राग, डिस्कोचा ठेका

रेकॉर्ड : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’, १९८२. वादक चरणजित सिंग, मुंबईच्या चित्रपटसंगीतातले. त्यात भैरव, यमन, मालकंस, मेघमल्हार वगैरे. गायक नाही, तबलाही नाही.

यंत्रे : तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची.
• ज्युपिटर-८ : रागाची सुरावट.
• टीआर-८०८ : ठेका.
• टीबी-३०३ : खर्जातली साथ. बास गिटारवाल्याची जागा घेण्यासाठी काढलेले यंत्र. ते काम काही जमले नाही. १९८४ मध्ये उत्पादन बंद. मग सेकंडहँड बाजारात स्वस्त.

अ‍ॅसिड हाउस : शिकागोचे नृत्यसंगीत. ३०३ चे नॉब वाजता वाजता फिरवायचे. त्यातून निघणारा चिरका, वळवळता आवाज ही त्याची खूण. फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ ची. तशाच आवाजाची सिंग यांची रेकॉर्ड त्याआधी पाच वर्षे. तेव्हा फारशी खपली नाही. पुनर्प्रकाशन २०१० मध्ये.