'द ग्रेप्स ऑफ रॉथ' : कादंबरी आणि चित्रपट

कादंबरीतले किती प्रसंग पडद्यावर आले, एवढ्या मोजदादीने चित्रपटाची पारख होत नाही. प्रसंगांचा क्रम बदलला की अर्थही बदलतो.

जॉन स्टाइनबेकची ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. जॉन फोर्डचा चित्रपट १९४० साली आला. ओक्लाहोमातील जमिनीवरून उठवलेले जोड कुटुंब पोटासाठी कॅलिफोर्निया गाठते. कादंबरीत सरकारी छावणीत त्यांना माणुसकी भेटते. पण काम मिळत नाही म्हणून ती सोडावी लागते. पुढे फळबागेतला संप, केसीचा खून आणि महापूर. चित्रपटात मात्र संप आधी आणि छावणी नंतर! जणू सरकारने छप्पर दिले की मजुरीचा प्रश्न मिटला. कामगार चळवळीत वय घालवलेल्या मला हा बदल खुपतो.

अभिनय मात्र कादंबरीशी इमान राखतो. हेन्री फोंडाचा टॉम सहसा आवाज चढवीत नाही; संताप डोळ्यांत साठवतो. जेन डार्वेलची आई घर सोडताना जुने कागद विस्तवात टाकते, कर्णफुले कानांशी धरून आरशात पाहते. शब्द एकही नाही. पण बेघर होणे म्हणजे काय, ते कळते. तिला साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले.

चित्रपट जरूर पाहावा. शेवट मात्र पुस्तकातच वाचावा.