विश्लेषण : आयर्लंडमध्ये २०२४चे मतदान, शतकभराचे दोन वैरी पुन्हा सत्तेत एकत्र?

आयर्लंडमध्ये शुक्रवारी, २९ नोव्हेंबर २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदान झाले. ‘डॉल’ या कनिष्ठ सभागृहाच्या जागा या निवडणुकीत १६० वरून १७४ झाल्या असून बहुमतासाठी ८८ जागा लागतात. फियाना फॉल आणि फिना गेल हे शतकभर एकमेकांविरुद्ध लढलेले पक्ष साडेचार वर्षांचा एकत्रित कारभार घेऊन मतदारांपुढे उभे होते. त्यांना पर्याय असल्याचा दावा करणारा शिन फेन हा पक्ष स्वतःच चाचपडताना दिसत होता. या निवडणुकीतील पक्ष कोणते, त्यांच्यात फरक काय आणि निकाल कशावर ठरणार होता, याविषयी.

फियाना फॉल आणि फिना गेल यांच्यात फरक काय?

डावे विरुद्ध उजवे या फूटपट्टीने मोजायला गेल्यास फार थोडा. दोन्ही पक्ष मध्यममार्गी, युरोपीय संघाचे समर्थक आणि परकीय गुंतवणुकीला अनुकूल आहेत. त्यांच्यातील भेद धोरणाचा कमी, इतिहासाचा अधिक आहे. डिसेंबर १९२१ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारानुसार आयर्लंडला स्वतंत्र कारभार मिळाला. पण ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ कायम राहिली आणि उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडेच राहिले. हा करार स्वीकारावा की नाही, यावरून कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेले स्वातंत्र्यसैनिक १९२२-२३च्या यादवी युद्धात एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. करार करणाऱ्यांपैकी एक असलेले मायकल कॉलिन्स त्यातच मारले गेले. करारविरोधी एमन डी व्हॅलेरा यांनी १९२६ मध्ये फियाना फॉलची स्थापना केली. करारसमर्थकांच्या परंपरेतून १९३३ मध्ये फिना गेल उभा राहिला. पुढे कोणत्या घराचे मत कोणाला, हे बहुधा आजोबा यादवीत कोणत्या बाजूने होते यावरून ठरत आले. १९३७ मध्ये पंतप्रधानांसाठी ‘टीशॉख’ हे पद निर्माण झाले. तेव्हापासून या दोन पक्षांबाहेरची एकही व्यक्ती त्या पदावर बसलेली नाही.

मग हे दोन पक्ष एकत्र कसे आले?

२००८च्या बँकिंग संकटाने जुनी घडी विस्कटली. २०१० मध्ये देशाला युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले आणि २०११च्या निवडणुकीत सत्ताधारी फियाना फॉल ७७ जागांवरून २० वर घसरला. फिना गेल तेव्हापासून सत्तेत आहे. २०१६ मध्ये त्यांच्या अल्पमतातील सरकारला फियाना फॉलने बाहेरून टेकू दिला. २०२० मध्ये शिन फेनने मुसंडी मारली, तेव्हा दोघांनी ग्रीन पक्षाला सोबत घेऊन आघाडी केली आणि पंतप्रधानपद वाटून घेतले. आधी फियाना फॉलचे मिहॉल मार्टिन, डिसेंबर २०२२ पासून फिना गेलचे लिओ वराडकर. वराडकर यांचे वडील मुंबईचे आणि मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड, त्यामुळे महाराष्ट्राला हे नाव परिचित आहे. मार्च २०२४ मध्ये त्यांनी पायउतार होण्याची घोषणा केली आणि ३७ वर्षांचे सायमन हॅरिस देशाचे सर्वांत तरुण पंतप्रधान झाले. वराडकर यांनी ही निवडणूक लढवली नाही. फिना गेलच्या मावळत्या आमदारांपैकी निम्म्याच्या आसपास मंडळी रिंगणाबाहेर होती.

शिन फेन कुठे आहे?

१९०५ मध्ये स्थापन झालेला हा पक्ष दीर्घकाळ ‘आयआरए’ची राजकीय शाखा म्हणून ओळखला गेला. १९९८च्या गुड फ्रायडे करारानंतर त्याने हळूहळू दक्षिणेतही पाय रोवले. दोन्ही आयर्लंडचे एकत्रीकरण हे त्याचे अंतिम उद्दिष्ट. उत्तर आयर्लंडमध्ये याच पक्षाच्या मिशेल ओनील फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारच्या प्रमुख झाल्या. दक्षिणेत मेरी लू मॅकडोनाल्ड यांनी घरांचा प्रश्न हाती घेतला आणि २०२० मध्ये पहिल्या पसंतीची सर्वाधिक, २४.५ टक्के मते मिळवली. मात्र इतक्या यशाचा अंदाज पक्षालाच नव्हता. त्याने उमेदवारच ४२ उभे केले होते आणि त्यांपैकी ३७ निवडून आले. त्यानंतर जनमत चाचण्यांत पक्ष ३० टक्क्यांच्या पुढे गेला. पण जून २०२४ मधील स्थानिक निवडणुकांत तो १२ टक्क्यांच्या आसपास आला. स्थलांतराच्या प्रश्नावर त्याचा कामगारवर्गीय मतदार दुरावला, असे मानले जाते.

लहान पक्षांचे काय?

येथे लहान पक्ष सरकार घडवतात आणि बहुधा त्याची किंमतही मोजतात. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या मजूर पक्षाने २०११ मध्ये ३७ जागा जिंकून फिना गेलला साथ दिली. पाच वर्षांच्या काटकसरीनंतर त्याच्या हाती सात जागा उरल्या. ग्रीन पक्षाने २००७ ते २०११ फियाना फॉलला साथ दिली आणि नंतर सर्व जागा गमावल्या. २०२४ मध्ये रॉडरिक ओगॉर्मन यांच्या नेतृत्वाखाली तोच पक्ष पुन्हा सत्तेचा हिशेब द्यायला उभा होता. मजूर पक्षाच्या इव्हाना बाचिक आणि २०१५ मध्ये स्थापन झालेल्या सोशल डेमोक्रॅट्सच्या हॉली केर्न्स या डाव्या-मध्यममार्गी मतांसाठी झटत होत्या. ‘पीपल बिफोर प्रॉफिट’ त्यांच्याही डावीकडे आहे. गर्भपाताच्या मुद्द्यावर शिन फेन सोडलेल्या पॅडर टोबीन यांचा ‘एंटू’ आणि ग्रामीण अपक्षांनी २०२३ मध्ये स्थापन केलेला ‘इंडिपेंडंट आयर्लंड’ हे पक्ष सामाजिकदृष्ट्या परंपरावादी आहेत. शिवाय रस्ता, रुग्णालय, शाळा असे गावचे प्रश्न घेऊन निवडून येणारे अपक्ष २०२० मध्ये २०च्या आसपास होते.

मतदान कसे होते?

ही पद्धत महाराष्ट्राला अनोळखी नाही. राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार जसा पसंतीक्रम देतात, तसाच तो आयर्लंडमध्ये सामान्य मतदार देतो. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेच्या ११ जागांसाठी १२ उमेदवार असताना दुसऱ्या पसंतीच्या मतांना केवढे मोल आले होते, हे अनेकांना आठवत असेल. आयर्लंडमधील ४३ मतदारसंघांतून प्रत्येकी तीन ते पाच प्रतिनिधी निवडले जातात. चार जागा असतील तर वैध मतांचा पाचवा हिस्सा अधिक एक मत, हा कोटा. कोटा ओलांडणाऱ्याची जादा मते आणि तळाच्या उमेदवाराची सगळी मते मतदाराच्या पुढील पसंतीनुसार इतरांकडे जातात. मतपत्रिका कागदी असल्याने मोजणीला काही दिवसही लागतात. या पद्धतीत केवळ आपल्या मतदारांचे प्रेम पुरत नाही. इतरांच्या मतदारांनीही आपल्याला दुसरी-तिसरी पसंती द्यावी लागते. शिन फेनची पूर्वापार दुखरी नस हीच. उलट फियाना फॉल आणि फिना गेलचे मतदार आता एकमेकांना पुढील पसंती देऊ लागले आहेत. यादवीची रेघ पुसट झाल्याची याहून मोठी खूण नाही.

मुद्दे कोणते?

तिजोरी भरलेली आणि घर मिळत नाही, हा आयर्लंडचा विरोधाभास आहे. युरोपीय न्यायालयाच्या सप्टेंबर २०२४ मधील निकालामुळे ॲपलकडून थकीत करापोटी व्याजासह सुमारे १४ अब्ज युरो सरकारला मिळणार होते. त्याच देशात १४ हजारांहून अधिक लोक तात्पुरत्या निवाऱ्यांत राहतात आणि नोकरदार तरुण पालकांच्या घरातून बाहेर पडू शकत नाहीत. या टंचाईतूनच स्थलांतरितांविरोधी सूर तीव्र झाला. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी डब्लिनमध्ये दंगल उसळली. आयर्लंडमधील रुग्णालये आणि आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या भारतीयांनाही घरभाडे आणि हा बदललेला सूर दोन्ही सोसावे लागतात. मात्र या निवडणुकीत मताचा अधिकार फक्त आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना आहे. युरोपीय संघाबाहेरील इतर रहिवाशांना केवळ स्थानिक निवडणुकांत मत देता येते. ट्रम्प यांच्या विजयामुळे अमेरिकी कंपन्यांच्या करावर विसंबलेल्या अर्थव्यवस्थेची चिंताही वाढली होती.

निकालानंतर काय होऊ शकणार होते?

कोणत्याही एका पक्षाला ८८ जागा मिळण्याची शक्यता नव्हती. फियाना फॉल आणि फिना गेल या दोघांनीही शिन फेनसोबत जाण्यास नकार दिला होता. त्यामुळे शिन फेनला सत्तेसाठी डाव्या पक्षांची आणि अपक्षांची मोट बांधावी लागणार होती. ते न जमल्यास जुन्या जोडीला फक्त तिसरा भिडू शोधायचा उरणार होता. पूर्वी सरकारवर नाराज असलेला आयरिश मतदार या दोघांपैकी एकाला खाली खेचून दुसऱ्याला बसवत असे. आता दोघे एकाच बाजूला आहेत. घराच्या प्रतीक्षेत असलेल्या पिढीला २०२४ मध्ये ठरवायचे होते ते हेच, की या जोडीला आणखी एक संधी द्यायची, की कधीच न अजमावलेल्या पर्यायाला हात घालायचा.